रेल्वे यायच्या आधीच छापलेली रेल्वे : जपानी ठसेचित्रं आणि पाश्चात्त्य यंत्रं

शाईचा_डाग

जपानी वुडब्लॉक प्रिंट म्हटलं की आपल्याकडे होकुसाईची ती लाट, मागे फुजी, चेरीचा बहर आणि किमोनोतल्या बायका, संपलं. मला सध्या वेड लागलंय ते त्याच्या नंतरच्या चित्रांचं, जी कलेच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात नाक मुरडत उरकलेली असतात. आगबोटी, आगगाड्या, तारेचे खांब, गॅसचे दिवे, शिवणयंत्रं, विटांच्या इमारती. साधारण १८६० ते १८९० मधली. त्यातली सुरुवातीची, योकोहामा बंदर आणि तिथले गोरे लोक दाखवणारी ती योकोहामा-ए, आणि पुढे मेइजी काळात (१८६८ नंतर, शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाचं राज्य आल्यावर) सुधारणांची लाट आली त्यावरची ती काइका-ए.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ८ जुलै १८५३ ला कमोडोर पेरी चार काळी जहाजं घेऊन एडोच्या (आत्ताचं टोकियो) खाडीच्या तोंडाशी उरागाला येऊन थडकला, चारातली दोन वाफेची. आपल्याकडे त्याच साली १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावलेली, म्हणजे मुंबईकराने आगगाडी बघून तीन महिनेही झाले नव्हते. तर उरागाच्या जहाजांची चित्रं लगेच बाजारात आली, पण ती चोरून, एकरंगी, स्वस्त कागदावर, कारण शोगुनच्या (सम्राटाच्या नावाने राज्य करणारा लष्करी सत्ताधीश) राज्यात चालू घडामोडींवर छापायला बंदी होती. पेरी पुढच्या वर्षी परत आला तेव्हा भेटीदाखल तारयंत्र आणि मूळ आकाराच्या चौथाई आकाराचं खरंखुरं वाफेचं इंजिन घेऊन आला, गोल रूळ टाकून ते चालवून दाखवलं. डबा एवढा छोटा की आत बसणं शक्यच नाही, म्हणून एक अधिकारी चक्क टपावर बसला आणि झगा फडफडवत ताशी वीसेक मैलाच्या वेगाने गोल गोल फिरला :-)

१८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाराला उघडलं. तोवर ते मासेमारीचं खेडं होतं. आणि मग १८६० आणि ६१ या दोन वर्षांत योकोहामाच्या चित्रांचा नुसता पूर आला. प्रकाशक एडोतले, चित्रकार एडोतले, बरेचसे उतागावा घराण्यातले: योशितोरा, योशिकाझु, सादाहिदे, दुसरा हिरोशिगे. योकोहामा एडोपासून एका दिवसाच्या चालीवर, त्यामुळे सादाहिदेसारखे काही जण खरंच जाऊन बघून आले, त्याचं पाच कागद जोडून केलेलं १८६१ चं माल चढवण्याचं चित्र बघा, दोरखंड न् दोरखंड, शिडीवरचे खलाशी, जहाजाच्या पोटात दिसणारी माणसं, सगळं बारकाईने टिपलंय. पण अमेरिका, लंडन, पॅरिस कोण बघून येणार? तिथे या लोकांनी इलस्ट्रेटेड लंडन न्यूजसारख्या परदेशी सचित्र पेपरांतली चित्रं समोर ठेवली आणि जिथे समजलं नाही तिथे मनाने भरलं.

आणि इथेच माझं सगळ्यात लाडकं चित्र येतं. योशिकाझु, १८६१, तीन कागदांचं, 'अमेरिकेतली वाफेच्या गाडीची वाहतूक'. ही गाडी म्हणजे आगबोटीला चाकं लावून जमिनीवर चढवलेलं प्रकरण आहे. खिडक्याबिडक्यांचं घर, वर धुराडं, आत-बाहेर माणसं, आणि हे रस्त्यावरून चाललंय! रूळ ही कल्पनाच त्या माणसापर्यंत पोचली नव्हती बहुतेक. वाफेवर चालणारी एकच गोष्ट त्याला माहीत होती, ती म्हणजे बोट, मग वाफेची गाडी म्हणजे जमिनीवरची बोट. त्याच्या जागी बसून विचार केला तर यात काहीही चुकलेलं नाही.

दहा वर्षांनी हेच परत झालं. टोकियो (शिम्बाशी) ते योकोहामा रेल्वेचं उद्घाटन १४ ऑक्टोबर १८७२ ला झालं, २९ किलोमीटर, ५३ मिनिटं. पण ताकानावाच्या किनाऱ्याने धावणाऱ्या गाडीची रंगीत चित्रं १८७१ पासूनच विकायला होती! रूळ पडत होते, इंजिनं यायची होती किंवा येत होती, आणि चित्रात गाडी धूर सोडत निघालीसुद्धा, डब्यांत हॅट घातलेले लोक, किनाऱ्यावर घोडागाड्या, रिक्षा, छत्रीवाल्या बायका, आकाशात वर भडक लाल पट्टा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही चुकलेली चित्रं पुढच्या बरोबर चित्रांपेक्षा जास्त खरी आहेत. यंत्र देशात येण्याआधी त्याची वार्ता येते, ती ऐकून लोक काय कल्पना करतात ते दुसरीकडे कुठेच शिल्लक राहत नाही, फोटोत तर नाहीच. इथे ते छापलेलं आहे, तेही हजारोंनी, आणि एका कागदाची किंमत साधारण सोबाच्या (जपानी शेवया) एका वाडग्याइतकी, म्हणजे कोणीही घ्यावं. तुम्हाला काय वाटतं?

रिकामटेकडा७७

भारी. ते चाकांवरचं घर कुठे बघायला मिळेल? आत्ताच्या आत्ता बघायचंय.

शाईचा_डाग

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर योशिकाझु टाकून शोधा, मोठं करून बघता येतं, फुकट.

जेजेचा_जुना

धागा छान पण थोडा थंड पाण्याचा हबका मारतो. काइका-ए ही बाजारू चित्रं आहेत हो. कलेच्या पुस्तकांनी नाक मुरडलं ते उगाच नाही. तो लाल आणि जांभळा रंग बघा, डोळ्यात घुसतो. जुन्या उकियो-एतला (म्हणजे या ठसेचित्रांची मूळ परंपरा) लाल करडईच्या फुलाचा असायचा, मऊ, कागदात मुरलेला. १८६० च्या दशकात युरोपातून कृत्रिम रंग यायला लागले आणि प्रकाशकांनी आकाश लाल, गालिचा लाल, झेंडा लाल, दिसेल ते लाल केलं. रेषेचंही तेच. हिरोशिगेच्या पावसाच्या रेषा आठवा आणि मग हे तिसऱ्या हिरोशिगेचं खेळण्यातल्यासारखं इंजिन बघा. नाव तेच, हात कुठे तो.

ज्याला खरंच यंत्रयुग कळलं असा एकच माणूस झाला, कोबायाशी कियोचिका. १८७६ ते १८८१ मध्ये टोकियोची ९३ चित्रं काढली. शिम्बाशी स्टेशन, रात्र, पाऊस, स्टेशनच्या खिडक्यांतला उजेड ओल्या रस्त्यावर सांडलाय आणि लोक कंदील घेऊन छत्र्या सावरत चाललेत. यंत्र कुठेच नाही पण सगळं चित्र यंत्राने बदललेल्या रात्रीचं आहे. धाग्यात त्याचं नावच नाही म्हणून लिहिलं.

शाईचा_डाग

कियोचिकाचं नाव तुम्ही घ्यावं म्हणून सोडलं होतं असं समजा :-) पण रंगाबद्दल भांडते. तुमच्या लाडक्या लाटेतला निळा कुठून आला? तो प्रशियन ब्लू, बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत बनलेला, नागासाकीत डच आणि चिनी व्यापाऱ्यांकडून आलेला. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि होकुसाई, हिरोशिगे सगळे त्यावर तुटून पडले. पेरी यायच्या वीसेक वर्षं आधी युरोपचं रसायनशास्त्र जपानी ठशावर चढलेलं होतं. म्हणजे युरोपचा निळा आला तर अभिजात आणि युरोपचा लाल आला तर बाजारू?

आणि तो लाल त्या लोकांना भडक वाटत नव्हता हो, नवा वाटत होता. नव्या गोष्टीचं चित्र नव्या रंगात. मला तर तो फार प्रामाणिक वाटतो.

जेजेचा_जुना

निळ्याचा मुद्दा मान्य. पण रंग कुठून आला हा प्रश्न नाही, वापरला कसा हा आहे. होकुसाईने निळ्याच्या चार-पाच छटा एकात एक विरघळवल्या. इथे सपाट लाल थापलाय. थापणं आणि रंगवणं यात फरक आहे की नाही?

मिनू_के

एक बावळट प्रश्न विचारू का? रेल्वे न बघता एवढं मोठं चित्र एक माणूस लाकडात कोरत बसायचा? किती दिवस लागत असतील?

शाईचा_डाग

अजिबात बावळट नाही. एक माणूस नाहीच. चित्रकार फक्त शाईने पातळ कागदावर रेखाटन करायचा. तो कागद पालथा करून डोंगरी चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि कोरणारा रेषा ठेवून बाकी लाकूड काढायचा, म्हणजे मूळ चित्र त्यातच संपलं. मग रंगागणिक वेगळा ठसा. छापणारा तिसराच, तो रंग ब्रशने ठशावर लावून ओला कागद वर ठेवायचा आणि बांबूच्या सालाने मढवलेल्या चकतीने (बारेन) पाठीमागून घासायचा, यंत्र नाही, प्रेस नाही. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात एक खाच आणि कडेला एक खूण, बास. या सगळ्यांच्या डोक्यावर प्रकाशक, पैसा त्याचा, काय खपेल हे ठरवणाराही तोच. सगळे आपापल्या कामात इतके तयार की बातमी गरम असेपर्यंत चित्र दुकानात.

आता विचार कर, वाफेच्या इंजिनाची बातमी अशी हाताने घासून छापलीये.

अण्णा_फोरमन

मी आयुष्य वर्कशॉपात काढलं, कलेतलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नातवाकडून ती ताकानावाची चित्रं उघडून घेतली. इंजिनं बघून हसू आलं आणि मग हसू थांबलं. काही चित्रांत दांडा चाकाला लागतच नाही, म्हणजे सिलिंडरमधली ताकद चाकापर्यंत जाणार कशी हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही. बॉयलर म्हणजे आडवा ठेवलेला पिंप. पण गंमत अशी की चाकांच्या आऱ्या मोजून सारख्या, खिळे ओळीत, कंदील जागेवर. जे दिसतं ते सगळं नीट काढलंय, जे आत चालतं ते गायब. नवा पोरगा वर्कशॉपात आला की पहिल्या दिवशी त्याला इंजिन असंच दिसतं.

बाकी माहितीसाठी: त्या लाइनवर सुरुवातीला दहा इंजिनं आली, सगळी ब्रिटनमधली, टँक इंजिनं, पाणी इंजिनाच्याच टाक्यांत, मागे वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) नाही. गेज ३ फूट ६ इंच, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा दोन फुटांनी कमी. मुख्य इंजिनियर एडमंड मोरेल, इंग्रज, लाइन पूर्ण व्हायच्या आधीच नोव्हेंबर १८७१ मध्ये क्षयाने गेला, जेमतेम तिशीचा.

तुळशीबागवाली

अण्णा "जे दिसतं ते नीट, जे आत चालतं ते गायब" हे कुठेतरी लिहून ठेवा प्लीज.

निशिकासाईकर

मी टोकियोत निशिकासाईला राहतो (हो तेच, जिथे दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये एक आपला आयटीवाला). दोन गोष्टी सांगतो.

एक, अण्णांसाठी. ते पहिल्या नंबरचं इंजिन अजून आहे, ओमियाच्या रेल्वे म्युझियममध्ये, व्हल्कन फाउंड्रीचं १८७१ चं. ठसेचित्रातल्या राक्षसासमोर हे फारच गोंडस दिसतं, केवढंसं आहे.

दोन, ताकानावाचं. त्या सगळ्या चित्रांत गाडी समुद्राच्या मधून धावताना दिसते, दोन्ही बाजूला पाणी, आणि मला आधी वाटायचं ही चित्रकाराची हौस. तर नाही! तिथल्या किनाऱ्याची जमीन लष्करी खात्याच्या ताब्यात होती, ते मोजणीलासुद्धा पाय ठेवू देईनात, तेव्हा रेल्वेच्या बाजूचा सरकारातला बडा माणूस ओकुमा शिगेनोबु म्हणाला मग समुद्रातनं न्या. २.७ किलोमीटरचा दगडी भराव समुद्रात टाकला, मच्छीमारांच्या होड्यांना आतबाहेर जाता यावं म्हणून मधेमधे पूल ठेवले. पुढे दोन्ही बाजूला भर पडत गेली, समुद्र लांब गेला आणि भराव जमिनीत गाडला जाऊन लोक विसरून गेले. २०१९ मध्ये ताकानावा गेटवे स्टेशनच्या आसपास खोदकामात तो जसाच्या तसा सापडला, कलत्या भिंतीचे दगड, पुलाचा पाया. आणि तेव्हा तज्ज्ञांनी काय ताडून बघितलं असेल? हीच बाजारू ठसेचित्रं. भरावाचा उतार, पुलाची जागा, होड्या जाण्याची वाट. काही भाग जागेवर जपलाय, २०२१ ला राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झालाय, बाकीच्यावर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, त्यावरून इथे बरंच रणही माजलं.

म्हणजे शाईताई, तुमच्या म्हणण्याला एक पुरवणी: इंजिन कल्पनेतलं असलं तरी भराव डोळ्यांनी बघितलेला होता. एकाच चित्रात दोन्ही.

शाईचा_डाग

वा! ही पुरवणी फारच आवडली. आणि हो, जे बांधलं जात होतं ते रोज दिसत होतं, जे बोटीने यायचं होतं ते ऐकीव.

रिकामटेकडा७७

पहिल्या गाडीत चढताना लोकांनी फलाटावर चपला काढून ठेवल्या आणि उतरल्यावर चपला कुठायत म्हणून शोधत बसले असा किस्सा सांगतात तो खरा आहे का?

निशिकासाईकर

इथे लहान पोरांनाही माहीत आहे तो किस्सा. घरात शिरताना चपला काढणाऱ्या माणसाने ते केलं असेल तर मला नवल नाही. आपल्याकडे नाही का लोक बँकेत चपला बाहेर काढायचे.

तुळशीबागवाली

मी जरा वेगळीकडे नेते धागा. या सगळ्यात बायका कुठे आहेत बघायला गेले तर भरपूर आहेत. तोमिओकाची रेशीम गिरणी, १८७२ ची, फ्रेंच यंत्रं, पॉल ब्रुना नावाचा फ्रेंच माणूस उभारणारा. दुसऱ्या कुनितेरूचं चित्र आहे तिचं, आत लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंनी ओळीने मुली बसल्यात, समोर गरम पाण्याची भांडी, कोश उकळतायत, सूत वर चाकावर गुंडाळलं जातंय. तीनशे मुलींची जागा. सगळ्यांचे किमोनो नवे कोरे, केस जागच्या जागी, घाम नाही वाफ नाही वास नाही. ज्यांनी उकळलेल्या कोशांचा वास घेतलाय त्यांना कळेल काय म्हणतेय.

आणि यामागची गोष्ट अशी की सुरुवातीला मुली मिळेनात. फ्रेंच लोक रेड वाइन पितात ते बघून गावात उठलं की हे मुलींचं रक्त पितात. शेवटी गिरणीचा संचालक ओदाका आत्सुतादा याने स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलीला पहिली कामगार म्हणून भरती केलं, मग बाकीच्या आल्या. तर हे स्वच्छ सुंदर चित्र म्हणजे बातमी नव्हे, अफवेला दिलेलं उत्तर आहे, मुलींनो या, बघा किती छान आहे.

शाईताईंच्या मुद्द्याला हे थोडं आडवं जातं. सगळीच चुकलेली चित्रं भाबडी नसतात, काही चूक ठरवून केलेली असते.

शाईचा_डाग

हो, हे आडवं जातं आणि जायलाच हवं. शिक्षण खात्याने तर १८७३ च्या सुमारास मुलांसाठी थेट छापूनच घेतली ठसेचित्रं, पाश्चात्त्य संशोधकांच्या गोष्टी. त्यात छोटा जेम्स वॅट किटलीच्या वाफेकडे बघतोय हे आहेच. पण एक आहे ते बघ, आर्कराइट, सूतकताईच्या यंत्रावर वेळ घालवतो म्हणून बायकोने त्याचे नमुने मोडले आणि त्याने तिला घराबाहेर काढलं. हे शाळेत लावायचं चित्र! आणि कपडे, घर, बाईचा चेहरा सगळं जपानी हाताने इंग्लंड म्हणून काढलेलं.

तुळशीबागवाली

बायकोने मोडलं ते दिसलं, घर कोण चालवत होतं ते दिसलं नाही. चालू द्या.

बरं त्याच्या उलट एक देते. आदाची गिंको, १८८७, उच्चभ्रू बायका पाश्चात्त्य कपडे शिवतायत, मधे टेबलावर शिवणयंत्र. त्याच वर्षी जानेवारीत सम्राज्ञीने जाहीर सांगितलं होतं की बायकांनी पाश्चात्त्य पोशाख करावा पण कापड देशी वापरावं. (स्वदेशीवाल्यांनी नोंद घ्यावी.) त्या चित्रातलं यंत्र अण्णांनी बघावं, मला तरी चालेलसं वाटतंय.

अण्णा_फोरमन

बघितलं. चालेल.

सरकीवाला

उशिरा आलो. आमचा धंदा कापसाचा म्हणून तोमिओकावरून आठवलं, जपानच्या गिरण्या पुढे कापसाच्या झाल्या आणि कापूस मुंबईहून जायचा. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीने मुंबईची लाइन सुरू केली ती जपानी कंपनीची पहिली लांब पल्ल्याची परदेशी लाइन, आणि तीत जमशेटजी टाटांचा हात होता, पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची मक्तेदारी मोडायची म्हणून. टाटा त्या वर्षी जपानला गेलेही होते. म्हणजे काळी जहाजं बघून चाळीस वर्षं होतात न होतात तोवर यांची आगबोट आपल्या बंदरात माल उचलायला.

आणि ती माणसाने ओढायची रिक्षा? ती या चित्रांत सगळीकडे दिसते. ती जपानचीच ना?

शाईचा_डाग

हो, १८६९-७० च्या सुमारास टोकियोत सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत पालखी-डोलीवाल्यांचा धंदा बसला. आपल्या माथेरानच्या हातरिक्षेची पणजी म्हणा. यावर योशिफुजीचं १८७३ चं एक धमाल चित्र आहे, परदेशी वस्तू विरुद्ध देशी वस्तू अशी मारामारी. प्रत्येक वस्तूला माणसाचं अंग, डोक्याच्या जागी वस्तू. रॉकेलचा दिवा मेणबत्तीला बडवतोय, विलायती छत्री कागदी छत्रीच्या मागे लागलीये, रिक्षा डोलीला लोळवतेय. इथे रिक्षा 'नव्या'च्या बाजूने लढतेय हे विशेष.

तसाच क्योसाई. १८७४ मध्ये त्याने फुदो म्योओ, म्हणजे हातात तलवार आणि भोवती ज्वाळा असलेला उग्र देव, निवांत बसून वर्तमानपत्र वाचताना काढला आणि बाजूला त्याचे सेवक गोमांस कापतायत. तेव्हा गोमांस खाणं हे सुधारणेचं लक्षण, त्याआधी बौद्ध देशात ते निषिद्धच. आपल्याकडे असं चित्र काढून बघा.

रिकामटेकडा७७

नको नको, धागा उडेल :-D

जेजेचा_जुना

क्योसाई माझाही लाडका. पण कुणी कियोचिकाकडे वळणार आहे की नाही? तो शोगुनच्या बाजूचा साम्युराई, १८६८ ला बाजू हरली, मालकाच्या मागे शिझुओकाला गेला, १८७४ ला परत आला तेव्हा शहराचं नाव बदललेलं, गिन्झा हा बाजाराचा भाग विटांचा झालेला, रस्त्यावर गॅसचे दिवे. जिंकलेल्या बाजूचं शहर. म्हणून त्याच्या चित्रांत जयजयकार नाही. 'ताकानावा उशिमाची, ढगाआडचा चंद्र', १८७९. तीच रेल्वे, तोच किनारा जो तुमच्या लालभडक चित्रांत आहे. पण इथे संध्याकाळ, वर ढगांत चंद्र, आणि काळी गाडी उजळलेल्या खिडक्या घेऊन चाललीये, धुरात ठिणग्या. हे माणसाने उभं राहून बघितलंय. ऐकीव नाही. तुमच्या चुकलेल्या इंजिनापेक्षा हे मला शंभर पटीने खरं वाटतं आणि त्यासाठी कोरणाऱ्याकडून त्याने काय काय करून घेतलं, तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव कामासारख्या आडव्या-उभ्या बारीक रेषा लाकडात, तैलचित्रासारखी छाया. १८७७ चं मांजर आणि कंदिलाचं चित्र तर लाकडी ठशाचं आहे यावर विश्वास बसत नाही.

अण्णा_फोरमन

जेजेसाहेब, तुमचं ते चंद्राचं चित्र नातवाने मोठं करून दिलं. सुंदर आहे, वादच नाही. पण हे इंजिन त्या लाइनवर धावलेलं नाही. पुढे काऊकॅचर (रुळावरची गुरं बाजूला सारणारी जाळी) आहे, वर मोठा दिवा आहे, सगळी ठेवण अमेरिकन. शिम्बाशीची इंजिनं ब्रिटिश टँक इंजिनं होती हे वर लिहिलंय. अमेरिकन इंजिनं जपानात आली ती १८८० ला, तीही पार उत्तरेला होक्काइदोत, कोळशाच्या लाइनवर. चित्र १८७९ चं.

निशिकासाईकर

अण्णा _/\_

हे बरोबर आहे, इथल्या अभ्यासकांनीही हे लिहिलंय. अमेरिकेतल्या करिअर अँड आइव्हज कंपनीच्या शिळाछापाच्या चित्रांवरून त्याने इंजिन उचललं असावं असं म्हणतात.

शाईचा_डाग

म्हणजे सात वर्षं रोज ती गाडी टोकियोतून ये-जा करतेय, बघायला दहा पैसे पडत नाहीत, आणि कियोचिकाने इंजिन घेतलं ते परदेशी छापील चित्रातून! योशिकाझुने केलं तेच. जेजेसाहेब, या आता.

जेजेचा_जुना

आलो. इंजिनाचं अण्णा म्हणतात ते खरं. पण त्या चित्रात मी इंजिन बघतच नव्हतो, खिडक्यांतला उजेड बघत होतो, आणि तो उजेड कुठल्याही शिळाछापात मिळणार नाही. शिवाय योशिकाझुकडे पर्याय नव्हता, कियोचिकाकडे होता. रोज दिसणारं इंजिन सोडून त्याने जास्त देखणं इंजिन निवडलं. ती चूक नाही, निवड आहे.

शाईचा_डाग

मग बाकीच्यांच्या लाल आकाशालाही निवड म्हणा की.

जेजेचा_जुना

बघा, परत लालावर आलात. नाही म्हणणार.

मिनू_के

मला दोघांचंही पटतंय आणि त्यामुळे काहीच काम होत नाहीये, सकाळपासून चित्रं बघतेय. एक विचारायचं राहिलं, हे सगळं थांबलं कधी?

शाईचा_डाग

कियोचिकाची टोकियोची मालिका १८८१ मध्ये थांबली, त्याच वर्षीच्या आगीत त्याचं घरही गेलं, आणि आग लागलेली असताना तो वही घेऊन रेखाटनं करत फिरत होता असं सांगतात. नंतरही यंत्रं येतच राहिली: १८८२ च्या नोव्हेंबरात गिन्झात विजेचा पहिला आर्क दिवा लागला, त्याखाली माना वर करून उभ्या गर्दीचं शिगेकियोचं चित्र आहे. १८९० ला आसाकुसात बारा मजली मनोरा उभा राहिला, त्यात जपानातली पहिली विजेची लिफ्ट, ती सुरक्षित नाही म्हणून काही महिन्यांत बंद, चित्रं मात्र धडाधड खपली. शेवटची मोठी चलती १८९४-९५ च्या चीन युद्धाची, समुद्रात सर्चलाइटचे झोत, पाण्याखालचे टॉर्पेडो, कियोचिकानेही ती काढली. १९०४ ला रशियाशी युद्ध झालं तोवर लोकांच्या हातात फोटो आणि पोस्टकार्डं होती. शिळाछाप आणि फोटोने ठशाचा धंदा खाल्ला. आपल्याकडे गंमत उलटी, चित्रशाळा प्रेस १८७८ ची, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा, म्हणजे तिकडे ज्या तंत्राने जुनी घरोघरची चित्रं संपवली त्याच तंत्राने इकडे घरोघरी चित्रं पोचवली.

सरकीवाला

मनोऱ्यावरून आठवलं, त्याच वर्षी तिकडे बलूनवालाही गेला होता ना? स्पेन्सर?

निशिकासाईकर

पर्सिव्हल स्पेन्सर, इंग्रज. १८९० मध्ये योकोहामा आणि टोकियोतल्या उएनोला बलूनमधून वर जाऊन पॅराशूटने उडी मारून दाखवली. लगेच जानेवारी १८९१ ला टोकियोच्या काबुकी-झात (काबुकी या पारंपरिक नाटकाचं थिएटर) त्यावर नाटक, आणि स्पेन्सरची भूमिका कोणी करावी तर पाचवा किकुगोरो, त्या काळचा सुपरस्टार. त्याची ठसेचित्रं आहेत, काबुकी नट साहेबी कपड्यात. हाच स्पेन्सर १८८९ ला कलकत्त्यात होता आणि तिथे रामचंद्र चटर्जींनी त्याच्याकडून शिकून स्वतः उड्डाणं केली.

रिकामटेकडा७७

काबुकीत बलून! शाईताई, याचा वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसादांत हरवेल.

शाईचा_डाग

काढते, पण किकुगोरोची चित्रं आधी गोळा करू दे. निशिकासाईकर, त्सुबोउची थिएटर म्युझियमची साइट तुम्हालाच जास्त वाचता येईल, तिथे काही मिळतंय का बघाल का?